हलणाऱ्या भिंतीचा हिशोब

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात राष्ट्रीय विज्ञान दिनाला दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित केलं आहे.)

मंडळी, माझे वडील जिनात प्रेसवर कामाला होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की त्यांच्या अंगावरची रुई होळीपर्यंत निघायची नाही. डबा घेऊन गेलो की मी तिथंच रेंगाळायचो. सरकी निघालेली रुई पेटीत भरायची, मग एका बाजूनं लोखंडी पाट सरकत यायचा आणि खोलीभर पसरलेल्या त्या रुईची 170 किलोची गठाण व्हायची. नवीन माणूस हाताखाली आला की वडील त्याला एकच गोष्ट बजावायचे, ‘झटका देऊ नको रे बावा, आस्ते आस्ते दाब.’ ते वाक्य मला पुढं बारा-पंधरा वर्षांनी संगणकासमोर आठवलं. का आठवलं, ते सांगायलाच आज आलो आहे.

मी अणूंचं सिम्युलेशन करतो. संगणकात एक पेटी कल्पायची, तिच्यात काही हजार अणू ठेवायचे, कोणता अणू कोणाला किती ओढतो किंवा ढकलतो त्याचं सूत्र द्यायचं. मग न्यूटनचा नियम लावून प्रत्येक अणू किंचित पुढं सरकवायचा, पुन्हा बलं मोजायची, पुन्हा सरकवायचा. हे एकेक पाऊल साधारण एक-दोन फेम्टोसेकंदांचं असतं. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा, आणि त्यातल्याही एकाचे हजार. तो फेम्टोसेकंद. अशी दहा लाख पावलं टाकली तेव्हा कुठं एक नॅनोसेकंद होतो.

या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत अनीसूर रहमान यांचं नाव फार वरचं आहे. जन्म हैदराबादचा. 1964 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत त्यांनी 864 अणूंचा द्रवरूप अरगॉन संगणकात हलता केला (अरगॉन हा वायू, प्रयोगशाळेचं नाव वेगळं). आज तुमच्या खिशातला मोबाइल त्या यंत्रापेक्षा कितीतरी ताकदवान आहे, आणि तरी त्या 864 अणूंनी जे दाखवलं त्यावर आजही आम्ही उभे आहोत. पण रहमान यांच्या पेटीला भिंतच नव्हती. उजवीकडून अणू बाहेर पडला की तो डावीकडून आत यायचा. भिंत ठेवली असती तर इतक्या कमी अणूंत निम्मे भिंतीलाच चिकटून बसले असते, आणि मधला खरा द्रव दिसलाच नसता. भिंत टाळणं हेच तिथं शहाणपण होतं.

आपल्याला मात्र कधी ना कधी भिंत लागते. तेल दोन पत्र्यांमध्ये कसं सरकतं, वायू दाबला की काय होतं, थरथरणाऱ्या पृष्ठभागाजवळचं पाणी कसं वागतं, हे बिनभिंतीच्या पेटीत विचारायचं कसं? 1972 मध्ये लीस आणि एडवर्ड्स यांनी भिंत न ठेवताच द्रव घसरवण्याची एक युक्ती काढली, ती सुंदर आहे आणि आजही वापरात आहे. पण भिंतीपाशी काय घडतं हाच जेव्हा प्रश्न असतो, तेव्हा भिंत उभी करावी लागते. आणि हलवावी लागते.

आता समजा, ट्रॅक्टरची ट्रॉली मागं, तुमच्या दिशेनं येते आहे. तुम्ही तिच्या फाळक्यावर चेंडू मारला. चेंडू तुम्ही मारला त्यापेक्षा जोरात परत येईल. किती जोरात? ट्रॉलीच्या वेगाच्या दुपटीनं जास्त. ट्रॉली पुढं जात असेल तर तेवढाच कमी. बास, हलत्या भिंतीचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी तापते, त्यामागंही मुख्यतः हेच आहे. आतला दट्ट्या समोर येणाऱ्या हवेच्या रेणूंना प्रत्येक टकरीत थोडा वेग देतो, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापणं. वायूचा दाब म्हणजे कणांच्या टकरा, ही कल्पना डॅनिएल बर्नूलीनं 1738 मध्ये दट्ट्या घेऊनच मांडली होती.

आता खरा प्रश्न. भिंत दाबत नेली नाही, नुसती पुढं-मागं हलवली तर? जितकी पुढं तितकीच मागं. पुढं येताना दिलेली ऊर्जा मागं जाताना परत घेतली, हिशोब शून्य, असं वाटतं की नाही? मलाही वाटायचं. पण तसं होत नाही. तुम्ही मोटरसायकलवर यवतमाळहून वर्ध्याला निघा. समोरून येणाऱ्या जितक्या गाड्या तुम्हाला भेटतील, त्यापेक्षा मागून येऊन तुम्हाला गाठणाऱ्या कमीच असतील. भिंतीचंही तसंच. ती पुढं येत असते तेव्हा तिला जास्त कण धडकतात, मागं जात असते तेव्हा कमी. आकडे घेऊ. कणाचा वेग सेकंदाला 400 मीटर, भिंतीचा 10. भिंत पुढं येताना कण 420 नं परततो, मागं जाताना 380 नं. वेगांचे वर्ग करा: 400 चा 1,60,000, 420 चा 1,76,400, 380 चा 1,44,400. मिळकत 16,400, तोटा 15,600. मिळकत आधीच मोठी, शिवाय मिळकतीच्या टकरा 410 असतील तर तोट्याच्या 390. गुणाकार करून वजाबाकी करा, 6,40,000 शिल्लक उरते. भिंतीचा वेग दुप्पट केला तर ही शिल्लक चौपट होते. एन्रिको फर्मी यांनी 1949 मध्ये अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांना एवढी प्रचंड ऊर्जा कुठून मिळते ते सांगताना याच जातीचा युक्तिवाद केला होता. तिथं भिंतीच्या जागी अंतराळातले चुंबकीय ढग होते.

म्हणजे हलती भिंत पेटीत काम ओतत राहते. तुमच्यापैकी कोणी हे सिम्युलेशन करील तेव्हा एकूण ऊर्जा वाढताना दिसेल आणि वाटेल की कोड चुकला. मी तर सहा आठवडे चूक शोधत होतो. चूक नव्हती, मी भिंतीला हिशोबातच धरलं नव्हतं. दर पावलाला भिंतीनं अणूंवर लावलेलं बल गुणिले भिंतीचा वेग गुणिले पावलाचा वेळ, यांची बेरीज ठेवा. अणूंची ऊर्जा जेवढी वाढली तेवढीच ती बेरीज आली तर कोड बरोबर आहे. बाजार समितीत काट्यावरचं वजन आणि पावतीवरचं वजन जुळवून बघतो, तसं हे रोज जुळवून बघायचं.

आता वडिलांचा झटका. भिंत थरथरवायची म्हणून आपण पुस्तकातलं पहिलं सूत्र उचलतो: जागा म्हणजे आयाम (भिंत मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती सरकते ते) गुणिले साइन. सुरुवातीला साइन शून्य, म्हणून वाटतं भिंत शांतपणे निघाली. जागा शून्य आहे खरी, पण वेग? साइनच्या वक्राचा चढ शून्यापाशीच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे कालपर्यंत स्थिर असलेली भिंत पहिल्याच पावलाला आपल्या कमाल वेगानं निघते. आत शांत बसलेल्या द्रवाला हा सरळ हातोडा आहे. त्याची लाट पेटीभर फिरते, समोरच्या भिंतीवरून परत येते, आणि पुढचे कितीतरी हेलकावे आपण त्या पहिल्या हिसक्याचेच पडसाद मोजत बसतो. उपाय साधा आहे. साइनऐवजी ‘एक वजा कोसाइन’ घ्या. मग भिंत शून्य वेगानं निघते. तरी प्रवेग एकदम येतोच, म्हणून मी आयामसुद्धा पहिल्या काही हेलकाव्यांत हळूहळू वाढवतो. आस्ते आस्ते.

भिंत कशाची करता यालाही फार महत्त्व आहे. सर्वात सोपी भिंत म्हणजे नुसतं गणित. भिंतीमागं अणू खच्चून भरले आहेत असं मानून त्यांच्या ओढण्या-ढकलण्याची बेरीज केली की अंतराच्या नवव्या आणि तिसऱ्या घाताचं सूत्र निघतं. दाबायला, ढकलायला ही भिंत उत्तम. पण ती आडवी सरकवली तर द्रवाला पत्ताच लागत नाही, कारण तिला खाचखळगे नाहीत आणि ती फक्त समोर ढकलते, बाजूला ओढत नाही. द्रवाला आडवं ओढून न्यायचं तर भिंत खऱ्या अणूंची हवी, प्रत्येक अणू आपल्या जागी स्प्रिंगनं बांधलेला. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे घर्षणानं निघालेली उष्णता अशा भिंतीतून बाहेर काढता येते. द्रवालाच थेट थंड करायचं असेल तर एक सांभाळा: वाहण्याचा वेग तापमानात मोजू नका. धावत्या एसटीत लोक जागेवर किती चुळबुळ करतात ते मोजायचं असेल तर एसटीचा वेग त्यात धरत नाही ना! धरला तर थर्मोस्टॅट, म्हणजे कोडमधला तापमान सांभाळणारा भाग, प्रवाहालाच ब्रेक लावतो. म्हणून बरेचदा प्रवाहाला काटकोनात असलेल्या दिशेचेच वेग मोजले जातात.

वेगांबद्दल एक खंत मनात आहे, तीही सांगतो. आपली पेटी नॅनोमीटरची (मीटरचा अब्जावा भाग) आणि वेळ नॅनोसेकंदांची. एका नॅनोसेकंदात एक नॅनोमीटर म्हणजे सेकंदाला एक मीटर, माणसाच्या सावकाश चालीएवढा वेग. त्यापेक्षा फार हळू भिंत सरकवायला संगणकाला सवडच नसते. घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. त्यातला एक हेलकावा म्हणजे दोन कोटी नॅनोसेकंद. म्हणून आमच्या भिंती सेकंदाला अब्ज वेळा थरथरतात. पाण्यात थरथरत्या भिंतीचा परिणाम किती आतपर्यंत जातो याचं स्टोक्सचं सूत्र आहे. 50 हेलकाव्यांना तो साधारण 0.08 मिलिमीटर जातो, अब्ज हेलकाव्यांना फक्त 18 नॅनोमीटर. म्हणजे आमची छोटी पेटी अगदीच व्यर्थ नाही. तेवढ्या वेगाला तेवढीच पुरते. पण एक नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा आयाम आणि अब्ज हेलकावे घेतले तर भिंतीचा कमाल वेग येतो सेकंदाला 0.63 मीटर, आणि खोलीच्या तापमानाला अरगॉनचे अणू एकेका दिशेत साधारण 250 मीटरनं धावत असतात. त्या गोंगाटात 0.63 ऐकायचं, आणि तेही दहा टक्के अचूक, तर दीड कोटीच्या वर स्वतंत्र नोंदींची सरासरी काढावी लागते. हजार अणू आणि एक आलेख घेऊन ‘प्रवाह दिसला’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

हेच गणित दाण्यांनाही लागतं, आणि आपल्या गावाला ते जास्त जवळचं. आमची माय सुपात तूर घोळायची तेव्हा बारीक कचरा खाली आणि मोठे दाणे वर यायचे. बारीक कण फटींतून खाली घुसतात, मोठे वर राहतात. मळणी यंत्राची चाळणी म्हणजे हलती भिंतच. 1979 मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी दाण्यांच्या सिम्युलेशनची जी पद्धत मांडली, तिच्यात अणूंच्या जागी दाणे येतात, बाकी पावलं तीच. चाळणी उभी हलत असेल तर दाणा तिच्यावरून कधी उडतो? तिचा प्रवेग गुरुत्वापेक्षा जास्त झाला की. आयाम 5 मिलिमीटर असेल तर सेकंदाला सातच्या थोडे वर हेलकावे लागतात. त्याखाली दाणे चाळणीसोबत नुसते वरखाली होत राहतात.

उद्या सकाळी संगणक प्रयोगशाळेत लॅम्प्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालू करून ठेवतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत ते सुरू झालं. दोन फाइली आहेत, चार हजार अरगॉन अणू, सगळं सारखं, फक्त एकीत भिंत साइननं निघते आणि दुसरीत एक वजा कोसाइननं. साध्या लॅपटॉपवर चालतात. दोन्हींचे तापमानाचे आलेख शेजारी शेजारी ठेवा, आणि मला बोलवायच्या आधी भिंतीच्या कामाची बेरीज जुळते का ते बघून ठेवा.