फेथ: क्रॉस उगारायचा आणि जागच्या जागी उभं राहायचं

फेथ हा भीतीचा व्हिडिओ गेम. हा जो चौकोन्या-चौकोन्यांचा माणूस काळ्या स्क्रीनवर चालतोय ना, हा जॉन वॉर्ड, तरुण पाद्री. तारीख 21 सप्टेंबर 1987, जागा अमेरिकेतलं कनेक्टिकट. वर्षभरापूर्वी इथल्याच मार्टिन कुटुंबाच्या घरी एमी नावाच्या मुलीच्या अंगातला सैतान काढायला गेले होते, ते सगळं फसलं, माणसं गेली, हा वाचला, आणि आता राहिलेलं काम संपवायला परत आलाय, तोही एकटा.

जवळ काय, तर क्रॉस. बस्स. बंदूक नाही, टॉर्च नाही, ॲरोनं चालायचं आणि एक बटण दाबून क्रॉस उगारायचा, पण उगारला की पाय थांबतात, म्हणजे पळायचं की सामोरं जायचं हे दर वेळी आधी ठरवायला लागतं. त्यात जंगल सलग दिसत नाही, एक स्क्रीन संपली की दुसरी, पुढच्या स्क्रीनवर काय आहे ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. आणि मग कडेवरून ते पांढरं काहीतरी चार पायांवर सरपटत थेट अंगावर येतं... मोजून चार पिक्सेल असतील, पण हात लगेच बटणावर.

आता हा आवाज ऐका. हा सॅम, म्हणजे सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक माउथ, 1982 चं, अटारी आणि कमोडोर 64 या जुन्या कॉम्प्युटरच्या जमान्यातलं बोलणारं सॉफ्टवेअर. अर्धं कळतच नाही तो काय बोलतोय, खाली लिहून येतं म्हणून बरं. मेलात की हाच आवाज म्हणतो "मॉर्टिस", आणि खरं सांगतो, कुठल्याही किंकाळीपेक्षा हे जास्त डोक्यात बसतं.

आणि मधेच अचानक ते ठोकळे गायब होतात आणि रेषांनी काढलेलं एक तोंड खऱ्या माणसासारखं हलायला लागतं. याला रोटोस्कोपिंग म्हणतात, शूट केलेली हालचाल फ्रेम बाय फ्रेम गिरवायची. 1989 च्या प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमसाठी जॉर्डन मेकनरनं स्वतःच्या भावाला पळायला लावून हेच केलं होतं, आपल्याकडे डॉसवाल्या कॉम्प्युटरवर ज्यांनी काट्यांवर पडून जीव दिलेत त्यांना ती पळण्याची ढब आठवत असेल. तिथे बघायला मजा वाटायची, इथे अंगावर काटा येतो, कारण इतका वेळ डोळ्यांना ठोकळ्यांची सवय झालेली असते.

बनवणारा मेसन स्मिथ, ऑनलाइन नाव एअरडॉर्फ. पहिला चॅप्टर 2017, दुसरा 2019, आणि ऑक्टोबर 2022 ला न्यू ब्लड इंटरॅक्टिव्ह या कंपनीनं तिन्ही एकत्र काढले, फेथ: द अनहोली ट्रिनिटी.

1987 हे सालही उगाच नाही घेतलेलं. तेव्हा अमेरिकेत सटॅनिक पॅनिक जोरात होता, शेजारीपाजारी सैतानाची पूजा चालते, पोरांचे बळी देतात असल्या वावड्या. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या लोकांवर 1983 पासून भयंकर आरोप झाले, खटला 1990 पर्यंत रेटला, शिक्षा एकालाही झाली नाही. गेममधे मात्र सैतान पूजणारा पंथ खराच निघतो. मला हे थोडं खटकतं, पण गोष्ट म्हणून जबरदस्त चालतं, नाही म्हणणार नाही.

खेळणार असाल तर एक करा, विचित्र वाटेल त्या प्रत्येक वस्तूवर क्रॉस धरा, त्यातनं चिठ्ठ्या पडतात आणि खरी गोष्ट त्या चिठ्ठ्यांमधेच आहे. आणि पहिल्या चॅप्टरचे शेवट पाच आहेत, एक बघून बंद करू नका.