हॅटरसचे काळे-पांढरे पट्टे

मंडळी, अमेरिकेतली दीपगृहं आपण बहुतेकांनी कॅलेंडरवर पाहिलेली असतात. मेन राज्यातलं पोर्टलंड हेड तर हमखास असतं. खडक, फुटणाऱ्या लाटा, पांढरा मनोरा, शेजारी लाल छपराचं घर. चित्र सुंदरच आहे, वाद नाही. पण त्यातलं शोभेसाठी म्हणून केलेलं जवळजवळ काही नाही. पैशाची तंगी, फुटलेली जहाजं आणि सरकारी भांडणं यांतून ती शोभा आपसूक आली. आज मी बोलणार आहे ते त्या भांडणांबद्दल, आणि त्यांतून घडलेल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅटरसच्या दीपगृहाबद्दल.

सुरुवातीचा इतिहास पटकन सांगतो. पहिलं दीपगृह बॉस्टनच्या बंदरात, 1716 साली. 1776 मध्ये ब्रिटिशांनी जाता जाता ते उडवून दिलं, 1783 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. 1789 मध्ये नव्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अगदी सुरुवातीच्या कायद्यांतच सगळी दीपगृहं केंद्र सरकारच्या ताब्यात घेतली.

पुढे 1820 मध्ये हे खातं आलं स्टीफन प्लेझंटन यांच्याकडे. हे अर्थखात्यातले हिशेबनीस. 1814 मध्ये ब्रिटिश वॉशिंग्टन जाळायला आले तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा कापडी पिशव्यांत भरून सुरक्षित जागी हलवणारे हेच. माणूस प्रामाणिक, पै-पैचा हिशेब ठेवणारा, पण समुद्राशी संबंध शून्य. त्यांचा सल्लागार विन्स्लो लुइस हाच दिव्यांचा पेटंटधारक आणि हाच कंत्राटदार! आता सल्ला कसला मिळणार, ते तुम्हीच ओळखा.

तिकडे फ्रान्समध्ये फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1820 च्या दशकातच नवं भिंग काढलं होतं. उघड्या ज्योतीचा बराचसा उजेड आकाशात आणि पायथ्याशी वाया जातो. फ्रेनेलने ज्योतीभोवती काचेच्या लोलकांची वर्तुळं अशी बसवली की तोच उजेड वळून क्षितिजाकडे जावा. सगळ्यात मोठं भिंग माणसाहून उंच. प्लेझंटनना ते महाग वाटलं. 1841 मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंकला एक बसलं, पण सर्रास वापर काही सुरू झाला नाही.

याच काटकसरीचा दुसरा नमुना म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं बोडी आयलंड. 1847 मध्ये तिथे स्वस्तात मनोरा बांधला. पाया कच्चा. थोड्याच वर्षांत मनोरा कलला आणि 1859 मध्ये सोडून द्यावा लागला. त्याच किनाऱ्यावरच्या हॅटरसच्या दिव्याबद्दल तर एका नौदल अधिकाऱ्याने 1851 मध्ये लिहून दिलं, की हा जगातला सर्वांत वाईट दिवा आहे. आणि समोर डायमंड शोल्सचे वाळूचे उथळ पट्टे, जहाजांचं स्मशान म्हणून बदनाम. अखेर 1852 मध्ये काँग्रेसने अभियंते, नौदलातले लोक आणि शास्त्रज्ञ यांचं मंडळ नेमलं. प्लेझंटन यांच्याकडून दीपगृहांचं खातं गेलं, भिंगं आली.

भिंगांबरोबर शिस्तही आली. भिंग पुसताना रखवालदाराने अंगावर तागाचा एप्रन बांधायचाच, कारण कोटाच्या बटणाने काचेला ओरखडा पडला तर? दिवसा खिडक्यांना पडदे, नाहीतर तेच भिंग उन्हाने आग लावायचं.

हॅटरसचा आजचा मनोरा 1870 चा, साधारण दोनशे फूट उंच. पण रात्री दिवा दिसतो, दिवसा काय? सपाट वाळूच्या त्या किनाऱ्यावर नाविकाला दुसरी खूणच नाही. म्हणून 1873 मध्ये हॅटरसला पिळाचे काळे-पांढरे पट्टे दिले आणि केप लुकआउटला शंकरपाळ्यांचे चौकडे. नव्या बोडी आयलंडला आडवे पट्टे. पुढे करीटक बीचचा मनोरा आला, त्याची लाल वीट तशीच ठेवली. रंग बघायचा आणि आपण कुठे आहोत ते ओळखायचं.

आता हॅटरसचा पाया. वाळूत खणलं की पाणी लागतं, म्हणून बिल्डरने पाण्याच्या पातळीखाली पिवळ्या पाइनच्या तुळया आडव्या-उभ्या रचल्या आणि त्यावर ग्रॅनाइट चढवला. गोड्या पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही. खारं पाणी शिरलं तर मात्र भरवसा नाही. बांधताना समुद्र 1500 फूट दूर होता. 1970 पर्यंत उरले 120.

मग वर्षानुवर्षं वाद. बांध घाला, वाळू टाका, हलवू नका, हलवला तर कोसळेल. स्थानिकांचा राग समजण्यासारखा होता, मनोरा त्यांचाच होता. तरी 1999 च्या उन्हाळ्यात तो मुळापासून कापून, पोलादी तुळयांवर जॅकने उचलून 2900 फूट आत नेला. एका रेट्यात पाच फूट. तेवीस दिवस लागले. मनोरा शाबूत राहिला.

नव्या जागी खाली लाकूड नाही, सळयांच्या काँक्रीटचा स्लॅब आहे. मनोरा समुद्रापासून पुन्हा जवळजवळ मूळच्याच अंतरावर आला आहे. पण किनारा मागे सरकायचा थांबलेला नाही, त्यामुळे तो वाद कधीतरी परत निघणार.