अण्णांचं घरखातं

नमस्कार श्रोतेहो. मागच्या महिन्यात आमचे शेठ गेले. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालापासून खरेदीदारापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही अण्णाच म्हणतो. त्यांच्या हळदीच्या अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानात, मी ३१ वर्षं दिवाणजी होतो.

अण्णांबद्दल बोलायचं तर पेवापासूनच सुरुवात करावी लागते. नव्या पोरांनी पेव पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमावर आपलं हरिपूर. तिथली माती अशी चिवट, की खोल खड्डा घ्यावा, हळद भरावी आणि तोंड मातीनं लिंपून टाकावं. वर्षानुवर्षं कीड नाही, रंग उतरणं नाही. मात्र पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, कारण आत हवा नसते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणूस थांबला. दुकानात नवा माणूस आला की अण्णा म्हणायचे, "आधी कंदील सोडून बघू." मग महिनाभर त्याला गल्ल्याकडं फिरकू द्यायचे नाहीत. मला तर दोन महिने!

थोरले चिरंजीव म्हणत होते, अण्णा, आता कोल्ड स्टोरेज बघूया. अण्णा ऐकेनात. "पेवानं माझ्या आज्याला कधी दगा दिला नाही," एवढंच उत्तर. बापलेकांत चार-चार दिवस बोलणं नसायचं. निरोप माझ्यामार्फत, तेही दोघं एकाच गादीवर बसलेले असताना.

मग २००५ चा महापूर आला. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तेव्हा उघडलेल्या पेवातून जो वास आला, तो मला अजून आठवतो. अण्णा काठावर उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोरल्यांकडं वळून म्हणाले, "तुझं खरं होतं." यार्डातल्या चार माणसांदेखत.

त्या पेवात मिरज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हळद होती. दर वाढेल, थांबा, असं अण्णांनीच त्याला सांगितलं होतं. पुराआधीच्या दरानं त्याची पट्टी, म्हणजे मालाच्या पैशांचा हिशेब, करायला मला सांगितली, अडतसुद्धा, म्हणजे आमची दलालीही, कापू दिली नाही. पण दुसरे दोघे आले, स्वतःच्या मर्जीनं माल ठेवलेले. त्यांना अण्णा सरळ नाही म्हणाले. मला ते तेव्हा कठोर वाटलं. खरं सांगू का, आजही थोडं वाटतं. "त्यांना मी थांबा म्हटलं नव्हतं," हा त्यांचा हिशेब.

पुढं थोरल्यांच्या मनासारखं झालं, माल कोल्ड स्टोरेजला जाऊ लागला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन, म्हणजे या भागाची खास हळद अशी सरकारी ओळख, मिळालं, तेव्हा यार्डात पेढे वाटले ते अण्णांनीच.

घरी मात्र माणूस वेगळा. सौदे कितीही रंगोत, जेवायला एक वाजता घरी. नातीला शेजारी घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत. वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, लटक्या रागानं म्हणायच्या, "दुकानात वाघ आणि इथं मांजर." पण दुकानातली मूठभर हळद घरी न्यायची तरी ती 'घर खाते' म्हणून स्वतःच्या नावावर टाकायचे. मालकानं आपल्याच मालाचे पैसे कशाला भरायचे, असं मी एकदा विचारलं. "दिवाणजी, पोरं बघतायत," म्हणाले.

तेराव्यानंतर थोरल्यांनी वही मागितली. घर खात्यात अण्णांच्या हातची शेवटची नोंद होती: हळकुंडं, दोन किलो, नातीच्या लग्नाची हळद. पैसे भरायचे राहिले होते. थोरल्यांनी खिशातून नोटा काढून गल्ल्यात टाकल्या आणि मला रीतसर पावती फाडायला लावली.