ताप अंगावर काढू नका

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाची झड लागली की सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्याच्या पायरीवर चपलांचा ढीग वाढतो. कुणाचा घसा धरलेला, कुणाला सणकून ताप, कुणाचं अंग मोडून आलेलं. त्यातले बरेच जण फ्लूचे. हा आजार आपल्याकडे वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. एकदा जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून मार्चपर्यंत.

गेल्या पावसाळ्यात एक यंत्रमाग कामगार आले. तापाचा चौथा दिवस. खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून रोज पाळी केलेली. खिशात मेडिकलमधून परस्पर आणलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी. पण मला काळजी वाटली ती बाकावर बसलेल्या त्यांच्या आईची. विड्या वळणाऱ्या, जुना मधुमेह, दोन शब्द बोलल्या की धाप लागायची. घरातलाच ताप त्यांना लागला होता. त्याच दुपारी त्यांना ॲडमिट करावं लागलं.

फ्लू विषाणूंचा आजार आहे, अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. 'डॉक्टर, एक सलाईन लावा' असं अनेकजण म्हणतात. तोंडाने पाणी, पेज, वरण जात असेल तर त्याचीही गरज नसते. विश्रांती आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेकांना आठवड्यात बरं वाटतं, खोकला मात्र रेंगाळतो. लहान मुलांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची माणसं, पाच वर्षांखालची मुलं, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, यांनी वाट पाहू नये. ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं.

याच मंडळींनी दरवर्षी पावसाळ्याआधी लसही घ्यावी. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही. लस घेतल्यावर अंगात फ्लूशी लढायची ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार जिवावर बेतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रुग्णाकडून लागण होते. टॉवेल विणणाऱ्या आपल्या गावात घरोघरी मोरीजवळ एकच टॉवेल सगळ्यांना चालतो. आजाऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवा, खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, हात साबणाने धुवा. आणि कारखानदार मंडळींना हात जोडून सांगतो, तापलेल्या माणसाला मजुरी न कापता घरी पाठवा. एका खोकणाऱ्यामुळे अख्खी पाळी आजारी पडते.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर पडले, माणूस असंबद्ध बोलू लागला, बाळ दूध ओढेना, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट सिव्हिल गाठा.