अंबरखान्यात किती दिवसांचं धान्य?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात इथल्याच, कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात बोलायला गेलो होतो. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपल्याला कुणाची जमीन नकोय. मग एवढं लष्कर कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. तिथं घाईत काहीतरी उत्तर दिलं, पण घरी आल्यावर ते मलाच पटेना. म्हणून आज पुन्हा.

आपण पन्हाळ्यावर जातो, तीन दरवाजात फोटो काढतो, झुणका-भाकर खाऊन खाली उतरतो. अंबरखान्याकडे जेमतेम पाच मिनिटं वळतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या धान्यकोठारांची नावं. गंगा कोठीत पाऊल टाकलं की भर उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. जाड भिंती, वर कमानी छत, त्या छताला झरोके. वरून धान्य ओतायचं, खालून काढायचं. जुन्या मापानं २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. जवळच अंधारबाव आहे. तिचं पाणी तळाशी आणि वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांना राहायला जागा. गडाचं पाणी शत्रूनं नासवू नये, एवढ्याचसाठी ही सगळी बांधणी.

त्या मुलीचं उत्तर मला या कोठीत सापडतं. ज्याला दुसऱ्याचा मुलूख नको, त्यानं आपली ताकद दिवसांत मोजावी. हल्ला झाला तर आपण किती दिवस टिकतो आणि तेवढ्या दिवसांत समोरच्याला ते केवढ्याला पडतं?

१६६० साली आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर यानं पन्हाळ्याला वेढा घातला. महाराजांकडे त्याच्या तोडीची फौज नव्हती, तरी मार्चपासून जुलैपर्यंत गड हटला नाही. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची कथा कोल्हापूरकरांना मी काय सांगणार! पण एक गोष्ट आपण पटकन विसरतो. पुढं तहात पन्हाळा सोडावा लागला, राज्य मात्र उभं राहिलं. त्या चार महिन्यांनी राज्य वाचवलं.

आणखी एक. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दीच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं आणि त्या इंग्रजांना कैदेत टाकलं. दुसऱ्याचा प्रदेश न मागणाऱ्यालाही दूरवर पोचणारा एक हात लागतो, तो यासाठी. नुसती तटबंदी असली, तर शत्रू आपल्या सोयीनं कितीही वेळा येऊन धडकू शकतो.

लढाईच्या जाणकारांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: पक्क्या मोर्चावर चाल करायची तर तिप्पट माणूस लागतं, डोंगरात त्याहून जास्त. म्हणजे बचाव करणाऱ्याला बरोबरीची फौज लागत नाही. पण जागं राहावं लागतं. १६७३ साली कोंडाजी फर्जंदनं अवघ्या ६० गड्यांनिशी पन्हाळा परत घेतला, तेव्हा गडावर आदिलशाहीची शिबंदी त्यांच्या कितीतरी पट होती.

आजच्या जगात फिनलंड बघा. लोकसंख्या आपल्या जिल्ह्याच्या साधारण दीडपट, आणि रशियाशी १३०० किलोमीटरची सरहद्द. १९३९-४० मध्ये तो देश १०५ दिवस लढला. जमीन गमावली, स्वातंत्र्य राखलं. आजही बराकीत तिथं मोजकेच सैनिक असतात, पण शिकवून तयार केलेल्या नागरिकांतून युद्धकाळी २ लाख ८० हजारांची फौज उभी राहते. धान्याचा आणि इंधनाचा राखीव साठाही सरकार बाळगतं. हा त्यांचा अंबरखानाच. कोस्टा रिकानं १९४८ मध्ये लष्करच मोडून टाकलं, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आदरही वाटतो. पण त्यांचे शेजारी वेगळे, आपले वेगळे.

आपण १९६२ मध्ये बेसावध सापडलो. त्यानंतर संरक्षणमंत्री झाले ते याच शहरात, राजाराम महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चव्हाण. त्यांच्या काळात प्रथमच पाच वर्षांची बांधेसूद योजना झाली: सव्वाआठ लाखांचं भूदल आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या. 'किती लष्कर' याचं आकड्यांत दिलेलं ते उत्तर होतं.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी आहेत. त्यातले १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. सैनिक टाकळी किंवा चंदगडकडच्या घरांना विचारा, तो पैसा हक्काचा आहे आणि मी त्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही. माझा जीव दुसऱ्याच आकड्यावर अडकलाय. घनघोर युद्धात ४० दिवस पुरेल इतका दारूगोळा असावा, असं आपल्याकडचं मोजमाप. २०१७ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात आलं, की तपासलेल्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा १० दिवसही पुरला नसता. तेरा लाखांचं सैन्य, आणि कोठीत दहा दिवस! तेव्हापासून खरेदी वाढली, देशात उत्पादनही वाढलं. पण तो आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

माझे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सुट्टीवर आले, की त्यांची काळी पत्र्याची ट्रंक कॉटखाली असायची, आत घोंगडी, जादा बूट, सुई-दोरा. आई म्हणायची, घरी आहात तर कपडे कपाटात तरी ठेवा. ते ठेवायचे नाहीत. १९७१ ला सकाळी तार आली, आणि दुपारच्या एसटीनं आबा गेले. भरायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्या मुलीच्या वर्गाला घेऊन पन्हाळ्यावर जायचं ठरलंय. फीत घेऊन गंगा कोठी मोजायची, माणशी रोज शेरभर धान्य धरायचं आणि हजार माणसांची शिबंदी किती दिवस तगेल, तो हिशेब मुलांनीच तिथं पायरीवर बसून करायचा.

नमस्कार.