शाळेच्या बाकावरची कलाश्निकोव्ह

ऑक्टोबर 1967. सोव्हिएत संघात सक्तीच्या सैनिकी सेवेचा नवा कायदा मंजूर झाला. भूदलातली सेवा 3 वर्षांवरून 2 वर आली, नौदलातली 4 वरून 3 वर. सैन्याचं एक वर्ष कमी झालं, आणि त्या वर्षातले प्राथमिक धडे शाळेकडे आले. 1968 पासून टप्प्याटप्प्यानं वरच्या दोन इयत्तांत ‘प्राथमिक लष्करी प्रशिक्षण’ हा सक्तीचा विषय सुरू झाला: दोन वर्षांत 140 तास, म्हणजे आठवड्याला साधारण 2. शिकवायला बहुधा निवृत्त अधिकारी. त्यांना म्हणत ‘व्होएनरुक’. मुलींना यातला बराच वेळ प्रथमोपचार आणि रुग्णसेवा शिकवत.

या तासाला बाकावर असे ती कलाश्निकोव्ह रायफल खरी, पण निकामी केलेली. गोळी बसते तिथं नळीला आरपार भोक पाडलेलं आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, कापलेली. बाकी सगळे भाग चालू.

खोलायचा क्रम ठरलेला. आधी मॅगझीन काढायचं. मग सेफ्टी खाली, बोल्टची मूठ मागे, आत काडतूस नाही ना ते पाहायचं, मूठ सोडायची, चाप ओढायचा. दस्त्यातली अवजारांची डबी, नळीखालची सळई, वरचं झाकण, स्प्रिंग, बोल्टसह वाहक (बोल्ट धरून मागे-पुढे सरकणारा भाग), वाहकातून बोल्ट, शेवटी गॅस ट्यूब. काढलेला प्रत्येक भाग ओळीनं मांडायचा, म्हणजे जोडताना हात उलट दिशेनं आपोआप जातो. सैनिकांसाठी ‘उत्तम’ शेऱ्याची वेळ होती खोलायला 15 सेकंद, जोडायला 25.

घोळ बहुतेक जोडतानाच होतो. बोल्ट फिरवून पुरता पुढे सरकवला नाही, तर वाहक खाचेत उतरत नाही. स्प्रिंगची टाच खोबणीत बसली नाही, तर झाकण वर राहतं. मुलं ते तळहातानं ठोकत बसतात आणि सेकंद जातात. सगळ्यात गंभीर चूक शेवटच्या टप्प्यातली. चाप ओढायचा, सेफ्टी लावायची आणि त्यानंतरच मॅगझीन. घाईत मॅगझीन आधी लावायची सवय लागली, की खऱ्या काडतुसांच्या वेळी ती जिवावर बेतू शकते. म्हणून घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा.

पुढचा धडा जीपी-5 गॅस मास्कचा. माप टाळूवरून, गालांवरून, हनुवटीखालून फिरवलेल्या फितीनं घेतात. 63 सेंटीमीटरपर्यंत शून्य नंबर, 71 पासून पुढे चौथा. ‘गाझी!’ (विषारी वायू!) असा हुकूम आला की श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, टोपी काढायची. अंगठे बाहेर, बोटं आत धरून रबर ताणायचं, हनुवटी तळाशी टेकवून मास्क डोक्यावर ओढायचा. मग जोरात उच्छ्वास, म्हणजे आत शिरलेली दूषित हवा बाहेर पडते. ही पायरी हमखास विसरली जाते. दुसरी चूक त्याहून वाईट: फिल्टरच्या बुडाचं रबरी बूच तसंच राहिलं, तर मुलगा गुदमरतो.

नेमबाजीला तुला कारखान्याची टोझ-8: 5.6 मिलिमीटर, एका वेळी एकच काडतूस. अनेक शाळांच्या तळघरातच 25 मीटरची रेंज असे. मैदानावर 700 ग्रॅमचा सरावाचा ग्रेनेड फेकायचा.

या सगळ्यातला खरा अपुरेपणा इथंच आहे. भोक पाडलेल्या रायफलीला धक्का नसतो, टोझ-8 ला जेमतेम. कलाश्निकोव्हचा आवाज आणि खांद्यावरचा दणका बऱ्याच मुलांना वर्षअखेरच्या 5 दिवसांच्या शिबिरातच, मोजक्या गोळ्यांपुरता भेटे. हात तयार होत, पण हलत्या लक्ष्यावर गोळी चालवणं, आडोसा घेणं, जखमी सोबत्याला ओढून नेणं यांना तासच पुरत नसत. आणि 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर याच विषयातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी अनेक जण तिथल्या डोंगरांत लढायला गेले.

पूर्व जर्मनीनं असाच विषय 1 सप्टेंबर 1978 पासून नववी-दहावीला लावला, तोही सक्तीचा. तिथल्या चर्चनी उघड विरोध केला, पालकांनी अर्ज लिहिले. सरकार बधलं नाही. 1989 मध्ये सत्ता कोसळू लागली तेव्हा हा विषयही बंद झाला.