गाडीच्या पोटाखालचे पाइप

[दृश्य: कॅम्परचा मागचा भाग. इंजिनावरचं झाकण उघडतं.]

इंजिन मागे आणि रेडिएटर पार पुढे, नाकाशी. मधलं सगळं अंतर कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, गाडीच्या पोटाखालून कापावं लागतं. एक पाइप तापलेलं कूलंट पुढे नेतो, दुसरा थंड झालेलं मागे आणतो.

फोक्सवॅगनची ही टी-थ्री व्हॅन 1979 मध्ये आली, तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन हवेवर थंड व्हायचं. 1981 मध्ये पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन आलं, पाठोपाठ पेट्रोलही. त्यांच्याबरोबर हे लांबलचक लोखंडी पाइप आले. नंतरच्या गाड्यांना प्लॅस्टिकचे मिळाले. लोखंडी पाइपवाल्या गाड्यांनी आता चाळिशी ओलांडली आहे.

[दृश्य: गाडीखाली. टॉर्चचा झोत पाइपवरून सरकतो.]

वरवर पाहिलं तर पाइप ठणठणीत वाटतो. पण ही पट्टी बघा, पाइपला गाडीच्या तळाशी धरून ठेवणारी. पट्टी आणि पाइप यांच्या फटीत चिखल साचतो, थंड मुलखात रस्त्यावर टाकलेलं मीठही साचतं, आणि ती जागा कधी पुरती वाळत नाही. पट्टी सोडवली की खाली रंग फुगलेला दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं, तर पोपडा सुटतो आणि टोक थेट आत जातं.

दुसरी फसवी जागा म्हणजे रबरी होजखालचं टोक. पाइपच्या टोकाला एक गोल उंचवटा असतो. होज निसटत नाही तो त्याच्यामुळे. गंज नेमका तोच खातो. मग लोक होजवरची क्लिप आवळत राहतात. गळती थांबत नाहीच, उलट पातळ झालेला पाइप चेपतो.

गंज आतूनही चढतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि ती काही वर्षांत संपतात. रंग टिकतो, गुण जातो. नुसतं पाणी भरत राहिलं तर ही रसायनं विरळ होत जातात, आणि सुटलेली गंजाची पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

वेल्डिंगचं ठिगळ मला अजिबात पटत नाही. भोकाभोवतीचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो; आच लागली की भोक वाढतंच. वाटेत अडकलात तर कुजका तुकडा कापा, त्या जागी होजचा तुकडा घाला, दोन्हीकडे क्लिपा लावा आणि घर गाठा. तो इलाज तेवढ्यापुरताच. एका जागी पाइप कुजला असेल, तर बाकीच्या पट्ट्यांखालीही तेच चाललेलं असतं. बदलायचे तर दोन्ही पाइप, पूर्ण लांबीचे.

[दृश्य: स्टँडवर उचललेली गाडी. खाली रुंद घमेलं.]

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत 1 बार जादा दाब असेल तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण उघडताच उसळून अंगावर येतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. कूलंट निघेल 16-17 लिटर. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर तोंड घालण्याआधी घमेलं झाका.

जुना होज ओढू नका, उभा चिरा. ओढाताणीत रेडिएटरची तोटी तुटते.

नवे पाइप स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. स्टेनलेस आणि इंजिनाचं ॲल्युमिनियम थेट जोडले तर ॲल्युमिनियम झिजतं, पण इथे मध्ये रबरी होज असतो. टोकाला उंचवटा आहे ना, ते मात्र घेतानाच बघा. आणि पट्टीखाली रबर घाला.

[दृश्य: गाडीचं नाक वर. रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू.]

खरी परीक्षा कूलंट भरताना लागते. हवेचा बुडबुडा आत अडकला तर तापमान मोजणारा सेन्सर कूलंटऐवजी हवेत राहतो. काटा शांत, आणि इंजिन मात्र भाजत असतं. म्हणून गाडीचं नाक वर करायचं, हीटरचे कॉक, म्हणजे झडपा, पूर्ण उघडायचे, ॲल्युमिनियम इंजिनाला चालणारं फॉस्फेटविरहित कूलंट भरायचं आणि इंजिन साधारण 2000 आरपीएमवर ठेवून वरचा स्क्रू सैल करायचा. आधी फुसफुस होते, मग फेस येतो. अखंड धार लागली की स्क्रू बंद. इथे घाई करू नका, पुन्हा एकदा सैल करून बघा.

फेरी मारून आणल्यावर गाडी गार होऊ द्या. टाकीतली पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा. तापून-निवून नवं रबर दबतं, म्हणून क्लिपा पुन्हा एकदा आवळा. सुरुवात मधल्या जोडांपासून करा. तिथलं ओलेपण सगळ्यात उशिरा लक्षात येतं.